तिसऱ्या भागाचा सहावा फर्मा

काकूंचं कुणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं. कारण हे कौतुक करणारे सगळे त्या निवृत्त झाल्यावर बोलायला लागलेत. त्या ऑफिसात होत्या तेव्हा हीच मंडळी त्यांना जिन्यात बघून मागच्या मागे वळायची.

आमचं प्रकाशन लहानसं. जुन्या इमारतीचा दुसरा मजला, चार टेबलं, आणि खिडकीला लागून पुस्तकांचे गठ्ठे, त्यामुळे तेव्हा ती खिडकी उघडत नव्हती. मी कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावते. काकू प्रूफं तपासायच्या. त्या कुणाच्याच काकू नव्हत्या. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत, पण मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या काकू. एकतीस वर्षं त्यांनी लाल पेन्सिलीने दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि त्या एकतीस वर्षांत एकाही पुस्तकात त्यांचं नाव छापलं गेलं नाही. चित्रकाराचं छापतात, छापखान्याचं छापतात. तपासणाऱ्याची आठवण फक्त चूक राहिली की होते.

आमचं सगळ्यात चालणारं पुस्तक म्हणजे मास्तरांची मालिका. मास्तर शाळेत भूगोल शिकवतात आणि सुट्टीत लिहितात. पूर्वेकडचं एक कल्पनेतलं राज्य. कमानीचे पूल, कागदी छत्र्या, शाई बनवणाऱ्यांची गल्ली, आणि नदीच्या तळाशी झोपलेला ड्रॅगन. हा ड्रॅगन आग ओकत नाही, याला पंख नाहीत, लांब मिशा आहेत आणि पाऊस याच्या ताब्यात. होडीवालीच्या सोळा वर्षांच्या मुलीकडे आजीची लाकडी फणी आहे, बारा दातांची. एक दात मोडला की ड्रॅगन एकदा धावून येतो. दात संपले की हाक संपली. असे सात भाग.

पहिला भाग लावताना मी जांभया देत होते. दुसऱ्या भागाला घरी जाऊन पुढे काय झालं असेल याचा विचार करायला लागले. आणि आमचे वाचक बारा-पंधरा वर्षांचे! ही कार्टी प्रत्येक दात मोजतात.

मालकांना मुखपृष्ठावर पंखवाला ड्रॅगन हवा होता. "पंख नसले तर ते गांडूळ दिसेल हो." काकू तीन दिवस त्यांच्याशी भांडल्या. "पान बेचाळीस वाचा. तो आभाळात पोहत जातो, उडत नाही." शेवटी मालकांनी हात टेकले आणि पंख गेले.

काकूंची एक खोड होती. बुटाच्या एका खोक्यात त्या कार्डं ठेवायच्या. कुणाच्या कुठल्या गालावर तीळ, कुठल्या पुलाला किती कमानी, सगळ्याचं कार्ड. दात मोडला की त्याच दिवशी कार्ड. मी चिडवायचे, "काकू, जनगणना झाली का?" त्या म्हणायच्या, "हस, हस. डोक्यावर विसंबलेली माणसं तोंडावर आपटतात."

सातवा भाग आला तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा महिना. मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "या वेळी श्रेयपानावर काकूंचं नाव छापायचं. मुद्रितशोधन, आणि पुढे नाव." काकू म्हणाल्या, "कशाला ते." पण संध्याकाळपर्यंत त्या तीनदा माझ्या टेबलाशी येऊन गेल्या. "अगदी बारीक अक्षरात टाक हं." मग, "फार बारीक नको, पण." तिसऱ्या खेपेला पडद्यावरचं आपलं नाव नुसतं बघत उभ्या राहिल्या. मला बाई तेव्हा हसू आलं. आता येत नाही.

चार दिवसांनी शेवटचा फर्मा तपासायला गेला. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. काकू चष्मा कपाळावर चढवून, कागद हातात घेऊन माझ्यापुढे उभ्या. "हा दात मास्तरांनी आणला कुठून?"

पुस्तकाच्या शेवटी मुलगी नदीकाठी बसते आणि फणीचा शेवटचा दात मोडते. काकूंच्या कार्डांप्रमाणे फणी सहाव्या भागातच बोडकी झाली होती. त्यांना ते आवडलंही होतं. "आता पोरगी स्वतःच्या हिमतीवर उभी राहील," असं म्हणत होत्या. आणि इथे मास्तरांनी हवेतून दात काढलेला!

मास्तरांना बोलावलं. शाळा सुटल्यावर आले, बाहीला खडूची धूळ, खांद्यावर पिशवी.

"चौथ्या भागाच्या शेवटी पाच उरले होते," मास्तर म्हणाले. "पुढच्या दोन भागांत चार मोडले. एक राहिला."

"चार उरले होते," काकू म्हणाल्या. "छापलंय तसं. पान एकशे नव्वद."

"मी पाच लिहिलं होतं."

"छापलंय चार."

"अहो, माझं पुस्तक आहे ते!"

"म्हणून काय दात उगवतात?"

मास्तरांनी पिशवीतून जुनी वही काढली. तिच्यात स्पष्ट 'पाच'. काकूंनी कपाटातून चौथ्या भागाची प्रूफं काढली. त्यांच्यावर 'पाच' खोडलेलं, आणि वर लाल पेन्सिलीने 'चार'. अक्षर काकूंचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना उभ्या उभ्या खुर्चीची पाठ शोधताना पाहिलं.

"तिसऱ्या भागात आरसेवाल्याच्या घरी तिने एक मोडला होता," त्या हळू म्हणाल्या. "माझ्याकडे कार्ड आहे. म्हणून मी दुरुस्त केलं."

"काकू, तो आरशातला दात!" मास्तरांनी कपाळावर हात मारला. "ती आरशात शिरलेली असते. आरशात मोडलेलं बाहेर मोडत नाही. पुढच्याच पानांत आरसेवाला सांगतो की!"

तोपर्यंत मीही चवीने ऐकत होते. मास्तरांना विचारलंसुद्धा, "इतकी वर्षं तुम्हाला दिसलं नाही?" तर म्हणे, "छापलेलं पुस्तक मी उघडत नाही. चूक दिसेल अशी भीती वाटते." धन्य! लिहिणाऱ्याने वाचायचंच नाही म्हणजे कमाल झाली. असं मी मनात म्हणत होते, आणि काकूंनी तिसऱ्या भागाची फाइल उघडली.

आरशातला दात मोडतो पाचव्या फर्म्यात. आरसेवाला सांगतो ते सहाव्यात. प्रत्येक फर्म्याच्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची सही असते. पाचव्यावर काकूंची, लाल. सहाव्यावर निळी.

माझी.

तेव्हा काकूंची दाढ काढायची होती. एकतीस वर्षांत आजारपणासाठी घेतलेली तेवढीच दोन दिवसांची रजा. जाताना सुजलेला गाल धरून म्हणाल्या होत्या, "सहावा फर्मा तू बघ. काही मोडलं, जुळलं, मेलं, परत जिवंत झालं, तर कार्ड कर." मी फर्मा वाचला. आरशाची गंमत मला कळली, आवडलीसुद्धा. कार्ड मात्र केलं नाही. कंटाळा आला, बस्स. दुसरं काही कारण सांगायला मिळालं असतं तर मीही सांगितलं असतं.

काकूंचं बोट त्या निळ्या सहीवर थांबलं. मी बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फाइल बंद केली आणि मालकांना म्हणाल्या, "सहावा फर्मा माझ्याकडून नीट झाला नाही."

आणि मी मूग गिळून बसले. एरवी कोणाच्या बापाचं न ऐकणारी मी, तेव्हा टेबलावरची प्रूफं नीट रचायला लागले.

"अहो, कोण मोजतंय?" मालक म्हणाले.

काकूंनी वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. वरच्याच पत्रात फणीचं चित्र होतं, मोडलेला प्रत्येक दात काळा रंगवलेला, खाली भाग आणि पान.

"मग शेवट बदला," मालक मास्तरांना म्हणाले.

मास्तरांचा चेहरा पडला. शेवटचा दात ती मुलगी मदत मागायला मोडतच नाही, ड्रॅगनला सोडायला मोडते. तो आल्यावर म्हणते, "आता येऊ नकोस. तू मोकळा आहेस." सात भाग त्या एका वाक्यासाठी लिहिलेले.

"शेवट बदलायचा नाही," काकू म्हणाल्या. "शेवट बरोबर आहे. मी चुकले. शुद्धिपत्र टाका. छोटी चिठ्ठी छापून सातव्या भागाच्या प्रत्येक प्रतीत चिकटवायची."

"म्हणजे प्रकाशन झोपलं होतं असं गावभर सांगायचं?"

"प्रकाशनाचं नाव नका घालू. माझं घाला."

मालकांनी पत्रांचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि तेव्हाच मला कळलं की हा माणूस आता काहीतरी घाण बोलणार. "चालेल. पण काकू, मग ते श्रेयपान... म्हणजे तपासणारी म्हणूनही तुमचं नाव आणि चुकणारी म्हणूनही तुमचंच. एकाच पुस्तकात दोन्हीकडे बरं दिसत नाही हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय बोलताय तुम्ही?" मी ओरडले. "एकतीस वर्षं..."

"तू थांब," काकू म्हणाल्या. "श्रेयपान दे."

मी दिलं. त्यांनी लाल पेन्सिलीला टोक केलं, सावकाश. आपल्या नावावर एक सरळ रेघ ओढली आणि समासात 'काढून टाका'ची खूण केली. इतरांच्या जादा शब्दांवर करायच्या तशीच, नेटकी.

चिठ्ठी मीच लावली. 'चौथा भाग, पान १९०. "चार दात" याऐवजी "पाच दात" असे वाचावे. आरशातला दात मोडत नाही. लेखकाने बरोबर लिहिले होते. चूक मुद्रितशोधनात झाली.' खाली काकूंचं पूर्ण नाव. त्यांनी ती तीनदा तपासली. पहिल्या वेळी म्हणाल्या, "नाव जरा मोठं झालंय." मी म्हटलं, "राहू दे." त्यांनी राहू दिलं.

त्यानंतर मालकांशी मी रोज भांडले. श्रेयपानावरून, चहावरून, खिडकीवरून. खिडकीचे गठ्ठे हलवायला लावले. पण खरं बोलायचं सोडून बाकी सगळं बोलत होते. काकूंना निरोपाच्या दिवशी एक फुलदाणी दिली. खोकं त्यांनी स्वतः उचलून नेलं, मला हात लावू दिला नाही.

पुस्तक आलं, गाजलं. दीड महिन्याने ऑफिसात एक पत्र आलं. पाकिटावर काकूंचं पूर्ण नाव, वळणदार अक्षरात. त्यांच्या नावाने ऑफिसात आलेलं पहिलं पत्र. रविवारी मी ते त्यांच्या खोलीवर घेऊन गेले. एक पलंग, एक टेबल, टेबलावर फुलदाणी, आणि फुलदाणीत पेन्सिली.

पत्र तेरा वर्षांच्या मुलीचं होतं. काकूंनी मोठ्याने वाचलं. 'मी पहिल्यापासून पाचच मोजत होते. आरशातला दात धरायचा नाही हे मला माहीत होतं. पण पुस्तकात चार छापलं होतं म्हणून वर्गातल्या सगळ्या मला खोटारडी म्हणायच्या. माझी मैत्रीण दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. तुमची चिठ्ठी मी शाळेत नेली. ती आता बोलते. मोठी माणसं चूक झाली असं लिहून देतात हे मला माहीत नव्हतं.'

काकूंनी पत्रातल्या दोन चुकांखाली रेघा मारल्या. सवय जाते थोडीच! मग चष्मा काढून पदराने पुसत बसल्या, बराच वेळ.

मला सहन झालं नाही. "काकू, सहावा फर्मा मी तपासला होता."

"माहीत आहे. सही वाचता येते मला."

"मग सांगितलं का नाही? माझं नाव का नाही घातलंत? मालकांनी तुमचं नाव काढलं आणि तुम्ही मला नुसतं..." मी रडायलाच लागले, आणि रडता रडता त्यांच्यावरच ओरडत होते.

"'पाच' खोडलं कोणी? मी. न विचारता. मास्तरांना एक फोन केला असता तर?" त्या म्हणाल्या. "ते माझं. ते मी छापलं. तुझं तू बघ."

"काय बघू आता?"

त्यांनी पलंगाखालून खोकं ओढलं, बोटांनी भराभर चाळून एक कार्ड काढलं. 'भाग तीन, आरसेवाल्याचं घर, दात एक, मोडला.' ते माझ्यापुढे ठेवलं आणि फुलदाणीतली एक पेन्सिल माझ्या हातात दिली.

"तेव्हा करायचं राहिलंय ना? कर."

मी 'मोडला' खोडलं. वर 'मोडला नाही' लिहिलं. पेन्सिल परत द्यायला लागले, तर काकूंनी कार्डाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सही कोण करणार?"

मी पूर्ण नाव लिहिलं.