माळ लांबत गेली

माझ्या बायकोच्या गळ्यातली काविळीची माळ रोज सकाळी टेपने मोजणारा माणूस मी आहे. हे आधी कबूल करतो, मग बाकीचं सांगतो. मी जळगावात एका शाळेत विज्ञान शिकवतो, हेही लपवत नाही.

माळ घातल्याच्या सहाव्या दिवशी दुपारी मंगलाला थंडी वाजून ताप आला. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग ती असंबद्ध बोलायला लागली. मेहरूणच्या आमच्या घरून रिक्षात घालून तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. सर्जन मॅडमनी तिचे डोळे पाहिले, उजव्या बरगडीखाली हलकेच दाबलं. ती कळवळली.

"ही नेहमीची कावीळ नाही. पित्ताचा रस्ता बंद झालाय," मॅडम म्हणाल्या. "याआधी कधी सोनोग्राफी केली होती?"

मी "नाही" म्हणणार होतो. मंगला डोळे मिटूनच अहिराणीत पुटपुटली, "करेल शे. यास्ना कपाटमा शे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रिपोर्ट खरोखरच माझ्या कपाटात होता, चार महिन्यांपासून.

तेव्हा ती धुळ्याला भावाकडे गेली होती. जेवण झालं की तिला उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीतून खांद्यापर्यंत जायची. मी त्याला ॲसिडिटी म्हणत होतो. तिच्या भावाने, दिलीपभाऊंनी, सोनोग्राफी करून घेतली. पित्ताशयात, म्हणजे लिव्हरखालच्या लहानशा पिशवीत, बरेच खडे निघाले. ऑपरेशन करून घ्या, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

मला राग खड्यांचा आला नाही. मला न विचारता तपासणी केली, याचा आला. "जावयाला विचारायची पद्धत नाही का तुमच्याकडे?" मी तिला म्हणालो. "खडे काय, निम्म्या गावाच्या पोटात असतात." आणि रिपोर्ट कपाटात टाकला.

पुढे तिचे डोळे पिवळे झाले. आमच्याकडे कावीळ म्हटली की आधी माळ. लहानपणी माझीही माळेने उतरली होती. ती विषाणूची कावीळ, आपोआपच बरी झाली असती. हे मी वर्गात शिकवतो, घरी विसरलो. यावलच्या पुढे एका खेड्यात एक आबा माळ देतात. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवलेले असतात. माळ डोक्यावर ठेवायची. ती लांबत गळ्यात, मग छातीवर उतरते, आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असं मानतात.

माळ देण्याआधी आबांनी तिला विचारलं, "पोट दुखतं का गं, माय? दुखत असेल तर माझ्याकडे नको, दवाखान्यात जा."

तिने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "नाही दुखत."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेरच्या केळीच्या बागा बघत बसली.

माळ रोज तीन-चार बोटं लांबत होती. मी टेप लावायचो आणि सगळ्यांना फोन करून सांगायचो, उतरतेय. मंगला कंगव्याने अंग खाजवायची. लघवी काळ्या चहासारखी होतेय, शौचाला मातकट पांढरं होतंय, असं तिने सांगितलं. मी म्हणालो, "औषध लागू पडतंय."

तुमच्या घरात कोणाला कावीळ झाली आणि ही लक्षणं दिसली, तर थांबू नका. पिशवीतला खडा सरकून पित्ताच्या नळीत अडकला की पित्त आतड्यात उतरत नाही, रक्तात जातं. तुंबलेल्या नळीत जंतू वाढले की त्याला कोलॅन्जायटिस म्हणतात. मंगलाला तेच झालं होतं. रक्तदाब खाली गेला होता.

"आज रात्र निघायला हवी," मॅडम म्हणाल्या. नर्सने कात्रीने माळ कापून माझ्या हातात दिली. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, दोऱ्याच्या गाठी सैल होतात. कोणाच्याही गळ्यात लांबली असती."

दुसऱ्या दिवशी ईआरसीपी केली. तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड उघडतात. आतून पू आला. मोठा खडा निघाला नाही म्हणून स्टेंट, म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी, बसवून पित्ताला वाट करून दिली. ताप उतरायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आयसीयूचं दार उघडलं की मी उठून उभा राहायचो.

कावीळ ओसरल्यावर ऑपरेशन झालं. दुर्बिणीने करायचं ठरलं होतं. तासाभराने ज्युनिअर डॉक्टर बाहेर आले. "पिशवी आजूबाजूला चिकटलीय. पोट उघडावं लागेल. सही करा." मी कुठे सही केली, तेही पाहिलं नाही. पुढचे साडेतीन तास दिलीपभाऊ आणि मी एकाच बाकावर बसलो होतो. ते एकदाच बोलले, "चहा घेता का, दाजी?" त्यांनी मला जाब विचारला असता तर बरं वाटलं असतं.

पिशवी काढली, नळीतला खडाही काढला. मंगला वाचली.

मग मी आणखी एक चूक केली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिलो, "कळल्याबरोबर आणलं." मी हे म्हटलं की मंगला भिंतीकडे तोंड करायची.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी माझी मोठी बहीण, अक्का, पाचोऱ्याहून आली. दिलीपभाऊही होते. अक्का मंगलाला म्हणाली, "नशीब काढलंस, बाई. माझ्या भावाने धावपळ केली म्हणून तू दिसतेस."

मंगला म्हणाली, "हो ना. फार धावले." आणि तोंड फिरवलं.

मी खुर्चीतून उठलो. "अक्का, मी धावपळ केली नाही. उशीर केला. दिलीपभाऊंनी चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. मला विचारलं नाही म्हणून मी ऐकलं नाही."

"असू दे रे, सगळ्यांसमोर कशाला," अक्का म्हणाली.

"खोटं सगळ्यांसमोरच बोललोय."

दिलीपभाऊ खाली बघत होते. त्यांना म्हणालो, "भाऊ, चूक माझी होती." ते नुसते मानेने हो म्हणाले. मग मी मंगलाच्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेलो, जिकडे तिने तोंड केलं होतं तिकडे. लग्नाला चोवीस वर्षं झाली, माफीचा शब्द मी तिच्यासाठी कधी वापरला नव्हता.

"मंगला, दुखत तुला होतं आणि ठरवत मी होतो. मला माफ कर."