देवांची बाजू घेणारे चाचा

हेडफोन लावला तरी चाचा एक कान कायम उघडा ठेवायचे. माइकसमोर बसले, कागद सारखे केले, की तो उघडा कान माझ्याकडे वळवून विचारायचे, "हे कोण म्हणतं, बाय? तेवढं सांगा, मग वाचतो."

काय सांगू तुम्हाला, या एका प्रश्नाने माझ्या डोक्याची पार मंडई केली होती.

शारजात अल मजाज भागात आमचा छोटासा स्टुडिओ आहे. इथे वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी आम्ही गोष्टी रेकॉर्ड करतो. आईने जेवायला हाक मारली की "कमिंग, मम्मा" म्हणणारी ही मुलं. शाळेत जाताना गाडीत तरी त्यांच्या कानावर धड मराठी पडावं, एवढाच हेतू. रेकॉर्डिंग माझ्याकडे, चाचा आमचे वाचक. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, अजमानच्या एका गोदामात सत्तावीस वर्षं काढलेले. कुणाच्या तरी लग्नात माइकवरून हरवलेल्या चपलेची घोषणा करताना आमच्या साहेबांनी त्यांना ऐकलं आणि तिथूनच उचलून आणलं. आवाजच तसा होता. चप्पल कुणाची, हे ऐकायला म्हणे सगळा हॉल गप्प झाला होता.

साठी उलटलेली, व्हिसा कंपनीचा, आणि तो महिनाअखेर संपत होता. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, ग्रीक महाकाव्याची मालिका वेळेत झाली तर चाचांचं रिन्यूअल, नाहीतर गावी परत. चाचांना गावी जायचं नव्हतं. "तिकडे माझं ऐकायला कोण बसलंय, बाय? इथे निदान माइक आहे," म्हणायचे.

आणि हा माणूस वेळेत वाचेल तर शपथ!

त्या काव्यातले देव तुम्हाला ठाऊक असतील. रुसतात, खोटं बोलतात, एकमेकांना गंडवतात, माणसांच्या लढाईत पार्ट्या पाडून उतरतात. मुलांना असल्या गोष्टी आवडतात, म्हणून तर घेतल्या. चाचांनी पहिल्याच दिवशी प्रत्येक वाक्याला हळूच शेपूट जोडलं. देवाने राजाला फसवलं, असं तो कवी म्हणतो. देवी चिडून निघून गेली, असं तो कवी म्हणतो. आठ मिनिटांचा भाग अकरा मिनिटांवर गेला.

"चाचा, स्क्रिप्टमध्ये हे नाहीये."

"नाहीये, म्हणून तर घातलं. कवीनं देव बघितला होता?"

"अहो, गोष्ट आहे ती!"

"गोष्ट झकास आहे. कवीबद्दल आपली तक्रार नाही. पण हे देव वाटत नाहीत, बाय. हे त्याच्या ओळखीतले राजे. आमच्या गोदामाचा अरबाब, म्हणजे मालक, अगदी असाच रुसायचा. मान दिला नाही की दोन दिवस गोदामाची चावी देत नसे."

मला हसू आलं आणि रागही आला. घड्याळ समोर होतं. मी म्हटलं, आमच्या पुराणांतही देव भांडतात, शाप देतात, आमचं काय वाकडं झालं?

"तुमचे देव तुमच्या घरचे. कुणी वेडंवाकडं बोललं तर तुम्ही आहात ना भांडायला. यांच्यामागे आता कोण उरलंय? ना पूजा, ना नैवेद्य. कवी बोलून गेला, तेच खरं धरायचं? ज्याची बाजू सांगायला कुणी नाही, त्याच्याबद्दल सांभाळून बोलावं."

त्यांचे वडील म्हणे धर्माची कुठलीही गोष्ट सांगण्याआधी ती कुणाकडून ऐकली, त्याला कुणी सांगितली, त्यालाही कुणी सांगितली, अशी सगळी माळ ओवायचे. "गोष्ट सुरू होईपर्यंत आम्ही पेंगलेले असायचो," चाचा हसत म्हणाले, "पण कोण म्हणतं ते न विचारता कुणाबद्दल काही बोलायचं नाही, हे हाडात शिरलं."

शिरलं ते शिरलं, भोगत होते मी. घरी जाण्याऐवजी बसून मी ती शेपटं कापायचे. एका भागात एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी चाचांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि पुढच्या भागात वाक्यंच अशी फिरवून वाचली की कवी मधोमध बसला. देवाने, कवीचं ऐकायचं तर, राजाला फसवलं. एका श्वासात, वर खाली कुठे फट नाही. कापायला गेले की राजाच गायब! तोंडावर भाव असे, जसं काही घडलंच नाही. त्या क्षणी चाचांचा गळा धरावासा वाटला, खरंच सांगते.

शेवटी महिना संपायला सहा दिवस असताना माझा संयम सुटला. मी साहेबांना मेल टाकला. दोनच ओळी. चाचा या देवांबद्दलचा मजकूर आहे तसा वाचायला तयार नाहीत, समजावूनही ऐकत नाहीत. पाठवला, पाणी प्यायले, बरं वाटलं.

मला वाटलं होतं, साहेब त्यांना बोलावून दोन शब्द सुनावतील. साहेबांनी मला बोलावलं. "धर्माच्या भानगडी ऑफिसमध्ये नकोत, बाबा. यल्ला, चल, दुसरा वाचक बघ."

"धर्माचं काही नाही सर, ते फक्त..."

"खलास," म्हणाले, आणि फोन उचलला. मी दारात जरा उभी राहिले. मग मालिकेची तारीख आठवली आणि आले बाहेर. त्या दारातून मी परत आत जायला हवं होतं.

चाचा शेवटच्या दिवशी सगळ्यांसाठी नारळाच्या वड्या घेऊन आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, साहेबांनी कारण सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहे?"

"उशीर होत होता ना, चाचा. तेवढंच."

"हां. उशीर माझ्याचमुळे झाला," म्हणाले, आणि वडीचा डबा माझ्या हातात दिला.

आता नवीन वाचक आहेत, चांगले शिकलेले गृहस्थ. आठ मिनिटांचं आठ मिनिटांत वाचतात. परवा पॅन्ट्रीत चहा ओतताना ते एचआरच्या मुलीला सांगत होते, "आधीचे चाचा फार कट्टर होते म्हणे. दुसऱ्यांच्या देवांचं नावसुद्धा घ्यायला तयार नसत."

माझं डोकंच फिरलं. "साफ खोटं आहे हे! त्या देवांची इतकी काळजी इथे दुसऱ्या कुणी केली नाही!" आवाज इतका चढला की दोघंही दचकले.

"सॉरी मॅडम," ते गोंधळून म्हणाले, "पण जॉइन होताना साहेबांनी मला तुमचाच मेल फॉरवर्ड केला होता." आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी त्या दोन ओळी तिथेच उभ्याने वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. चूक म्हणून खोडावा असा एकही शब्द मला त्यात सापडला नाही.