मुलुंड ते कुडाळ, बोंबलणाऱ्या गाडीसकट

आपली गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर घालून कोकणात न्यायचं ज्यांच्या मनात असेल त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्यासारखी चुकूनही नेऊ नका.

मी मुलुंडला राहते आणि एका विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम तपासते. "अटी नीट वाचल्या नव्हत्या का?" हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी लोकांना ऐकवते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढची मजा तुम्हाला पुरेपूर घेता येईल.

माझा दादा आणि वहिनी आधी घाटकोपरला राहायचे. निवृत्तीनंतर ते कुडाळजवळच्या आमच्या गावी गेले आणि वर्षाच्या आत वहिनीच्या किडन्यांनी दगा दिला. गेली तीन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गावापासून कुडाळ अठरा किलोमीटर. सकाळी रिक्षा मिळते, पण परत येताना अंगात त्राण नसतं तेव्हा नेमकी मिळत नाही. एकदा ती एसटी स्टँडच्या बाकड्यावर दोन तास आडवी पडून होती. हे मला दादाने सांगितलं नाही, गावातल्या एकाने सांगितलं. त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "माधव, आपली गाडी दादाला देऊन टाकू या."

"दे ना. पण नेणार कोण?" माधवने प्लास्टरमधला उजवा हात वर केला.

मला गाडी येते, पण मुलुंड ते भांडुप, तीही रविवारी. भाड्याचा ड्रायव्हर घेऊन भागलं असतं, खर्चही निम्म्याहून कमी आला असता. पण मुंबई-गोवा हायवेवर चेपलेल्या गाड्यांचे फोटो मी रोज बघते. अनोळखी ड्रायव्हर म्हटलं की मला त्याच्या कपाळावर क्लेम नंबर दिसायला लागतो. म्हणून मी सपाट पाठीचा एक ट्रक ठरवला, बावीस हजारात, टोल धरून. ट्रकवाले इक्बालभाई गोवंडीला राहतात, मूळचे खेडचे. "तुमच्याबरोबर केबिनमध्ये बसून येऊ का?" असं मी फोनवर विचारलं. ते म्हणाले, "या. पण सीट कडक आहे हां ताई."

शनिवार

सकाळी सहाला गाडी ट्रकवर चढली, चारही चाकांना पट्टे आवळले गेले. इक्बालभाईंनी विचारलं, "ताई, अलार्म बंद केलात ना? कंपनीचा अलार्म असतो, गाडी तिरकी झाली की बोंबलतो."

"हो हो, केला," असं म्हणत मी रिमोटचं बटण दोनदा दाबलं. दिवे लुकलुकले, कुंई आवाज आला. मला वाटलं, झालं बंद. खरं तर मी तो व्यवस्थित चालू केला होता.

ऐरोली पुलाचा चढ लागला आणि मागून असा काही भोंगा सुरू झाला की शेजारचा स्कूटरवाला दचकून थांबलाच. मी रिमोट दाबला, आवाज बंद. अर्ध्या मिनिटाने पुन्हा कुंई. पुढच्या उतारावर पुन्हा भोंगा. हे पनवेलपर्यंत सात वेळा झालं. नंतर कळलं की रिमोटने उघडून दार उघडलं नाही, तर ती गाडी आपोआप पुन्हा लॉक होते आणि अलार्म परत पहाऱ्यावर बसतो. तेव्हा मात्र मला वाटत होतं की गाडीला मुलुंड सोडवत नाहीये.

"ताई, बंद केलात म्हणालात ना?"

"केला होता. खराब असेल."

"काल चांगला होता?"

"काल कधी वाजलाच नव्हता."

इक्बालभाईंनी खिशातून कापूस काढला, थोडा स्वतःच्या कानात घातला, थोडा मला दिला.

वडखळला मिसळ खाल्ली. (पुलानंतर डाव्या हाताला दोन-तीन चांगली हॉटेलं आहेत. स्वच्छतागृह बघून मगच ऑर्डर द्या.) कोलाडच्या पुढे रिमोटमधला सेल संपला. मी इतक्या वेळा बटण दाबलं होतं, बिचारा किती टिकणार? आता भोंगा त्याच्या मर्जीने वाजायचा आणि त्याच्या मर्जीने थांबायचा.

माणगावला नेहमीप्रमाणे बाजारात ट्रॅफिक तुंबलं होतं. आम्ही मधोमध अडकलो आणि गाडीने गळा काढला. लोक जमले. एका काकांनी मोठ्याने शंका काढली, "चोरीची दिसतेय." हवालदार आले. त्यांनी ट्रक बाजूला घ्यायला लावला आणि इक्बालभाईंना खाली उतरवलं.

"कुणाची गाडी?"

"माझी," मी खिडकीतून म्हटलं.

"कागद?"

कागद गाडीच्या कप्प्यात होते. गाडी ट्रकवर होती. आणि इक्बालभाईंचा चेहरा उतरला होता. आत्तापर्यंत मला सगळ्याची गंमत वाटत होती, ती तिथे संपली. माझ्या एका खोट्या "हो हो"पायी तो माणूस भर बाजारात चोरासारखा उभा होता.

मी ओढणी कमरेला बांधली आणि ट्रकवर चढले. तीनदा घसरले. खालून कुणीतरी "सावकाश, मावशी!" म्हणालं. किल्लीने दार उघडताच भोंगा आणखी चेकाळला. कप्प्यातून कागद ओढले तर त्यांच्याबरोबर एक जाडजूड पुस्तक बाहेर आलं, आठ वर्षं प्लास्टिकमध्ये तसंच. गाडीचं माहितीपुस्तक. अटी आणि सूचना.

हवालदारांनी कागद पाहिले, माझं ओळखपत्र पाहिलं, त्यावरचं विमा कंपनीचं नाव वाचलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "तुम्ही विम्यात आहात?" मग इक्बालभाईंना म्हणाले, "जावा तुम्ही. बाईंनी बटण दाबलं वाटतं चुकीचं."

तिथेच, ट्रकवर उभी राहून मी पुस्तक उघडलं. गाडी ट्रकवरून, रेल्वेवरून किंवा बोटीवरून नेताना काय करायचं यावर अख्खं एक पान होतं. इग्निशन चालू करायचं म्हणजे भोंगा थांबतो. मग ते बंद करायचं, छतावरच्या दिव्याशेजारचं छोटं बटण दाबायचं, म्हणजे गाडी तिरकी झालेली अलार्मला कळत नाही. दार रिमोटने नाही, किल्लीने लावायचं. एक मिनिटाचं काम, तिथल्या तिथे केलं आणि भोंगा गप्प झाला. ते बटण मी आठ वर्षं बघत होते आणि शोभेचं समजत होते.

खाली उतरून मी म्हटलं, "इक्बालभाई, चूक माझी होती. अलार्म मी बंद केलाच नव्हता."

"माहीत होतं ताई. ऐरोलीलाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होता. म्हटलं, असेल बाबा काहीतरी नवीन टेक्निक."

मुक्काम चिपळूणला केला. लॉज साधा, चादरी स्वच्छ, सुरमईची थाळी झकास. थाळीचे पैसे मी दिले. त्यांनी आधी नको नको म्हटलं, मग सोलकढी दोनदा मागितली.

रविवार

चिपळूण ते कुडाळ गाडीने हूं की चूं केलं नाही. भर दुपारी गावात पोचलो. दादा-वहिनी अंगणात उभे होते. वहिनी निम्मी झाली होती. गाडी खाली उतरवली, मी ऐटीत किल्ली फिरवली आणि आतून नुसतं कट्‌कट् आलं.

इक्बालभाईंनी आत डोकावून छताकडे बोट दाखवलं. माणगावला ते बटण दाबताना मी शेजारचा दिवाही लावून ठेवला होता. तो कालपासून जळत होता.

कुडाळातले मेकॅनिक रविवारी बंद. डायलिसिस सोमवारी सकाळी सातला. दादा पुटपुटला, "असू दे गं, रिक्षा सांगतो." हे ऐकून मला रडूच आलं.

"धक्का मारू," इक्बालभाई म्हणाले. घरासमोरचा रस्ता उताराचा आहे. मी बसले, दादा आणि ते मागून ढकलायला लागले. मी क्लच असा काही सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारून थांबली. निम्मा उतार वाया गेला. पुढे सपाट रस्ता, त्यापुढे शेत.

वहिनी हळूहळू चालत खिडकीशी आली. "उतर गो. माका बसूंक दी."

"वहिनी, तू कशाला? तुला झेपायचं नाही."

"घाटकोपरात सा वर्षां शाळेची व्हॅन कोण चालवी होता? तू?"

ती चालवायची. मला ते माहीत होतं, तिच्या व्हॅनमधून मी स्वतः गेले होते. पण आजारपण आलं आणि आम्ही सगळ्यांनी तिची फक्त पेशंट करून टाकली. मी उतरले. तिने सीट पुढे ओढली, दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला. आम्ही तिघांनी ढकललं. उतार संपता संपता तिने क्लच सोडला, गाडीला एक हिसका बसला आणि इंजिन सुरू झालं.

ती थांबली नाही. सपाट रस्त्याने सरळ गेली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली. दादा मागे धावला, मग धापा टाकत उभा राहिला. आम्ही तिघं रस्त्यात तसेच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दादाच्या कपाळावर घाम. मग देवळाच्या बाजूने हॉर्न वाजला. ती अख्ख्या गावाला वळसा घालून आली होती.

"बॅटरी चार्ज होवक नको?" ती म्हणाली. गाल तापून लाल झाले होते.

सोमवारी दादाने गाडी चालवली, मी मागे बसले. परत येताना वहिनी पुढची सीट मागे पाडून झोपली. अंगणात गाडी थांबली तरी दादाने तिला उठवलं नाही. काचा खाली करून तो तसाच शेजारी बसून राहिला.

मंगळवारी रेल्वेने मी मुलुंडला परतले. शेजारी विचारतात, त्यापेक्षा गाडी विकून पैसे पाठवायचे होतेस ना? हिशोबाने त्यांचं बरोबर आहे. ऑफिसात मी अजूनही लोकांना अटी वाचायला सांगते, फक्त आता त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेते. पाठ आठवडाभर दुखली.

परवा वहिनीचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता, तिचं बोलणं धड ऐकू येईना. मी घाबरून विचारलं, "कुठे आहात? बरी आहेस ना? आज तर डायलिसिस नाहीये."

"नाहीच हा," ती म्हणाली. "निवतीक इलंव. दर्यार."

दादाने फोन घेतला. तो फारसा बोलणारा नाही. मागे निवतीच्या समुद्राच्या लाटा ऐकू येत होत्या. म्हणाला, "काही नाही गं. दवाखान्याच्या रस्त्याला न लागता बाहेर पडलो, तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, तुला कळवावं."