लासुर्ण्याच्या कालव्यावर मी साहेब झालो

डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध लिहिलंच नाही. रोज पहाटे बारा सूर्यनमस्कार, अंगाला तेल, मग चार मैल चाल, वेळेवर जेवण, आणि हे सगळं पंधरा दिवस पुण्याबाहेर राहून. शिवाय एक वही करायची आणि तिच्यात तीन रकाने आखायचे: झोप, चाल, मन. चिठ्ठी हातात देताना ते म्हणाले, "आणि कुणी विचारलं तर खरं सांगा. लपवत बसलात तर त्याचंच निराळं ओझं होईल." मी मान डोलावली. पहिल्या सगळ्या गोष्टी मी पाळल्या, ही शेवटची तेवढी पाळली नाही.

या पानावर मी गिरनारपासून कोणार्कपर्यंत सगळे प्रवास लिहिले. हा मात्र मुद्दाम टाळत आलो होतो. आता वय ऐंशीच्या पुढे गेलंय, एका बोटाने टाइप करतो, आणि ज्यांच्यापासून लपवायचं ते कुणी राहिले नाहीत. तेव्हा लिहून टाकतो.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी सव्वीस वर्षांचा, पुण्यात एका कचेरीत कारकून. एके सकाळी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो आणि तासभर तसाच बसून राहिलो. रडत होतो. घरात कुणी गेलं नव्हतं, नोकरी शाबूत होती, हिने सकाळीच गरम पोहे केले होते. काहीही घडलेलं नसताना माणूस रडतो, याची मला इतकी लाज वाटली की मी हिला म्हणालो, "कुणी विचारलं तर हवापालटाला गेलेत म्हणून सांग." हिने तेलाची बाटली आणि वही पिशवीत भरली. "नुसतं हवापालट म्हटल्यावर लोकांना पटेल?" एवढंच विचारलं.

पुण्याहून सकाळच्या पॅसेंजरने दौंड. दौंडला उतरून बारामतीच्या छोट्या गाडीत बसायचं. तिचे डबे एवढे अरुंद की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागत, आणि ती धावे इतकी निवांत की मधेच कुणी उतरून बाभळीची काटकी तोडून दातवण करत परत चढला असता. तुम्हाला आता हा रूळ मिळायचा नाही, तो रुंद झाला. पुण्याहून एसटीने थेट गेलात तर दोन-अडीच तासांत बारामतीत पोचाल. पण त्या गाडीत कोळशाचे कण डोळ्यांत जात असतानाही मला बरं वाटलं होतं, कारण तिथे मला कुणी ओळखत नव्हतं.

बारामतीत वडिलांचे मावसभाऊ तात्या राहत. शाळेत शिक्षक, माणूस मोकळा, पण आळी मोकळी नव्हती. सकाळी मी चालायला निघालो की ओट्याओट्यावरून विचारणा. "कुठं निघालात? काही काम काढलंत?" कामाशिवाय चालणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. तात्यांनी परस्पर सगळ्यांना सांगून टाकलं की माझं पोट बिघडलंय. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून ओवा आला आणि एका आजींनी हिंगाचा लेपही पाठवला. वहीत दोन दिवस एकच नोंद: झोप तीन तास, चाल एक मैल, मन वाईट.

तिसऱ्या दिवशी मी तात्यांना म्हणालो, जिथे कुणीच ओळखत नाही असं ठिकाण बघा. त्यांच्या ओळखीच्या एका बागाईतदाराची लासुर्ण्याला मळ्यात रिकामी खोली होती. बारामती-इंदापूर रस्त्यावर एसटीने मी लासुर्ण्याला उतरलो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि थोडं चाललं की नीरेच्या डाव्या कालव्याचा भराव. भरावावरची वाट चालायला फार सुंदर. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं, आणि मैलामैलावर दगड. तुम्ही जाणार असाल तर माघात जा आणि दहाच्या आत परत या, पुढे ऊन चढतं. म्हणूनच तात्यांनी मला त्यांची जुनी सोला हॅट दिली होती.

आता माझं ध्यान डोळ्यांपुढे आणा. व्यायामासाठी शिवलेली खाकी अर्धी विजार, डोक्यावर सोला हॅट, हातात वही. प्रत्येक मैलाच्या दगडापाशी थांबून मी पेन्सिलीने काहीतरी टिपतोय. कालव्याच्या भरावावर खाकी विजारीत वही घेऊन हिंडणारा माणूस कोण असतो, हे त्या मुलखातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला एकट्याला.

दुसऱ्याच सकाळी अकराव्या चारीपाशी एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे राहिले. काळसर, किडकिडीत, मुंडासं नीट बांधलेलं. सगळे त्यांना आबा म्हणत. चारी म्हणजे कालव्यातून शेताकडे काढलेला पाट, आणि आबांचं रान त्या चारीच्या अगदी शेवटाला, म्हणजे टेलला, होतं. वीस गुंठे वांगी, फुलावर आलेली.

"रामराम साहेब. औंदा टेलपतोर पाणी यील नव्हं?"

मला उमगलं, हे मला कालव्याच्या खात्यातला समजताहेत. तोंड उघडून खरं सांगायला किती वेळ लागला असता? मी आजारी आहे, डोक्याने आजारी आहे, म्हणून चालतो. एवढंच. पण त्या म्हाताऱ्याचे जोडलेले हात पाहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "बघतो."

"नोंद घेताय नव्हं?"

मी वही उघडली आणि लिहिलं: आबा, अकरावी चारी, वांगी वीस गुंठे. मनाच्या रकान्याखाली जागा होती, तिथे लिहिलं.

खरं सांगायचं तर मला छान वाटलं. पुण्यात मी नाडी बांधता न येणारा कारकून होतो. इथे माणसं उठून उभी राहत होती. त्या दिवसाची नोंद आजही वाचता येते: झोप पाच तास, चाल चार मैल, मन बरं.

मग रोजचंच झालं. चालून परत येताना आबांच्या खोपटापाशी बसायचं. त्यांच्या मंडळी सगुणामावशी ज्वारीची भाकरी, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि वर कच्च्या तेलाची धार द्यायच्या. बांधावरचे पेरू वेगळेच. "खावा, साहेब लई वाळल्यात," म्हणायच्या. असं भरीत मी नंतर कुठेच खाल्लं नाही. मी पोटभर खात होतो, झोपत होतो आणि रोज सकाळी स्वतःला बजावत होतो की आज सांगायचं.

एका सकाळी आबा सहज म्हणाले, "इंदापूरला कचेरीत पाण्याचा अर्ज द्यायची उद्या शेवटची मुदत हाय. पर तुमी नोंद घेतलीया, मग हेलपाटा कशाला घालायचा, व्हय?"

इथे मी बोलायला हवं होतं. त्यांनी विचारलंही होतं माझ्याकडेच बघून. माझ्या हातात अर्धा पेरू होता. मी तो खात राहिलो.

त्या दिवशी मी सहा मैल चाललो. जास्त चाललो तर ते डोक्यातून जाईल असं वाटलं असावं. मुदतीचा दिवस आला आणि गेला.

चार दिवसांनी पाणी आलं. मी भरावावरच होतो. पाटकरी, म्हणजे चाऱ्यांची दारं उघडणारा कालव्याचा माणूस, एकेका चारीपाशी थांबत यादी पाहत येत होता. अकराव्या चारीवर वरच्या शेतकऱ्यांचं भरून झाल्यावर त्याने दार बंद करायला घेतलं.

"आरं, आमचं ऱ्हायलंय," आबा धावत वर आले.

"यादीत तुमचं नाव न्हाय, आबा. अर्ज न्हाय तुमचा."

"साहेबांनी नोंद घेतलीया. इचार की त्यास्नी."

पाटकऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कंच्या सेक्शनचं साहेब तुमी?" त्याने हात पुढे केला आणि मी वही दिली. त्याला चांगलं वाचता येत होतं. तो मोठ्याने वाचू लागला.

"झोप चार तास. चाल साडेतीन मैल. मन, सकाळी उगीच रडू आलं." तो थांबला. "हे काय हाय?"

"म्होरं वाच, आमचं म्होरं हाय," आबा म्हणाले.

त्याने पान उलटलं. "आबा, अकरावी चारी, वांगी वीस गुंठे. एवढंच हाय, आबा. सरकारी कागद न्हाय ह्यो."

तेव्हा कुठे मी बोललो. कालव्याचा नाही, पुण्याचा कारकून आहे, मन आजारी आहे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मागे सगुणामावशी येऊन उभ्या होत्या. आबा वांग्यांकडे बघत राहिले. मावशीच बोलल्या, आणि आवाज चढवूनसुद्धा नाही.

"आवं मग आदीच सांगायचं व्हतं. आजारी मानसाला आमी भाकर दिली नसती व्हय?"

दुसऱ्या दिवशी आबांबरोबर मी इंदापूरला गेलो. एसटी धुळीच्या रस्त्याने गचके खात निघाली, आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. कचेरीतल्या कारकुनाला मी सगळं खरं सांगितलं, तीन-चार माणसं ऐकत असताना. तो माझ्यासारखाच कारकून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, यादी होऊन गेली, आता पुढच्या पाळीचाच अर्ज घेता येईल. मी टेबलाच्या कडेला वाकून आबांचा अर्ज लिहिला, आबांनी अंगठा उठवला. त्या पंधरा दिवसांत माझ्या हातून झालेलं शहाण्यासारखं काम तेवढंच.

बाहेर टपरीवर आबांनीच चहा आणि कांदाभजी मागवली. इंदापूरला गेलात तर स्टँडजवळ भजी खा, मी मात्र तेव्हा माझी भजी तशीच ठेवली. आबांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "झोप येत न्हाय म्हंजी कसं वो? डोळं मिटत्यात पर आत कोन तरी जागं असतंय, तसं?"

"तसंच," मी म्हणालो.

"आमचा थोरला ग्येला तवा मला सा म्हयनं तसंच व्हतं. मी बांध खांदत बसायचो. चांगला बांध खांदायचा, पुन्ना घालायचा. हिनं कदी इचारलं न्हाय कशाला म्हनून. भाकर घिऊन यायची निस्ती." मग बशी खाली ठेवत, "तुमी बोलला असता तर दोगं मिळून खांदला असता."

मी ज्याच्यापासून लपवत होतो, तो तालुक्यातला बहुधा एकटाच माणूस असेल ज्याला मी एका वाक्यात कळलो असतो. तिथे बाकड्यावर मला जी शरम वाटली, तिच्यापुढे बुटाच्या नाडीची लाज म्हणजे काहीच नव्हती.

उरलेले चार दिवस मी शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरून कावडीने पाणी वाहिलं. खांदे सोलवटले. आबा नको म्हणाले नाहीत आणि शाबासकीही दिली नाही. मावशी भाकरी देत राहिल्या, फक्त साहेब म्हणायचं त्यांनी सोडलं. सहा सऱ्या जगल्या. बाकीच्या रानात फुलं गळून सऱ्यांत पडली, आणि त्या वर्षी बारामतीच्या बाजारात त्यांची वांगी गेली नसणार. रात्री मात्र मी मेल्यासारखा झोपत होतो. सात तास, आठ तास. माझं बरं होणं त्यांच्या रानातून निघत होतं, हे मला कळत होतं आणि तरी झोप येत होती.

निघताना मी म्हणालो, पुढच्या हंगामात येतो. आबा म्हणाले, "या की." मी गेलो नाही. पुढे कामानिमित्त त्या रस्त्याने चार-पाच वेळा गेलो, आणि लासुर्णे आलं की पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघितलं.

चालणं सुटलेलं नाही. सूर्यनमस्कार बारावरून तिनावर आले, पण रोज सकाळी सोसायटीभोवती चार फेऱ्या होतात. कुणी विचारलं, "काय काका, शुगर का?" तर मी सांगतो, नाही, डोकं ठिकाणावर राहावं म्हणून. लोक हसतात. एक-दोघं मात्र थांबतात, आणि मग आम्ही बरोबर चालतो.

पुण्याला परतल्यावर डॉक्टरांनी वही चाळली होती. झोपेचा रकाना, चालीचा रकाना, सगळं चढतं. ते खूश झाले. मधल्या त्या पानावर थांबून त्यांनी विचारलं, "हे वांगी वीस गुंठे काय?" मी म्हणालो, काही नाही, असंच. त्यांनी त्याच पानावर लाल शाईने शेरा दिला: उत्तम प्रगती. वही अजून माझ्याकडे आहे. तो शेरा बरोबर आबांच्या नावावरून गेलाय.