भूकंपात बसवलेले पडदे

मी घडवलेल्या गिटारच्या दांडीवरचे धातूचे पडदे, म्हणजे फ्रेट्स, हातपंख्याच्या काड्यांसारखे फाकलेत. जाड तार लांब हवी, बारीक आखूड. म्हणून सगळे तिरके, सरळ फक्त मधला. बेसूर निघाली तर, या धास्तीने मी तारच चढवत नव्हतो. नुसते पडदे घासत होतो. त्या धातूच्या चुऱ्यातून दुसरी गिटार ओतता आली असती!

“अहो, भूकंपात बसवलेत का हे?” बायको म्हणाली. “एकच तेवढा नीट बसलाय.”

नेमका तोच मला चुकलेला दिसायला लागला. मी कानस उचलली. तिने ती हिसकावली आणि तार पुढे केली. “आधी वाजवा.”

मी चढवलेली तार प्रत्येक पडद्यावर सुरात घुमली. बायको हसली. मी मात्र त्या सरळ पडद्याकडेच बघत राहिलो. सगळ्यांची इतकी ओढाताण चाललेली असताना हा एकटाच एवढा निवांत कसा?