असिबीचे पान

कुमासीत क्वाकू अंपोन्सा यांची लाकडाची वखार माहीत नाही असा माणूस विरळा. १९९० साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी कुळाचा इतिहास आणि स्वतःच्या आठवणी पुस्तकरूपाने काढायचे ठरवले आणि लेखनासाठी मला, त्यांच्या मुलांच्या जुन्या शिक्षकाला, बोलावले. आठ महिन्यांत हस्तलिखित सिद्ध झाले. कोरे राहिले ते पहिलेच पान, त्यांच्या आजीचे.

"मास्तर, इथे वखारीची जाहिरात छापणार आहात की काय?"

"आजी कुठून आल्या, ते मी कसं लिहू?"

आजी उत्तरेकडून विकत आणलेली मुलगी होती. कूळ तिला या घराने दिले. आमच्यात दुसऱ्याचे मूळ उघड करणे हा गुन्हा आहे. शिवाय वंश आईकडून चालतो. म्हणजे त्या एका वाक्याने तिच्या लेकींची सारी संतती, अंपोन्सांसह, परकी ठरू शकली असती.

"तीच नसेल, तर पुस्तकच नको," अंपोन्सा म्हणाले.

छपाईपूर्वी हस्तलिखित कुळासमोर वाचण्याची रीत पाळायची होतीच. अंगणात सगळे जमले. आजीच्या लेकींपैकी एकट्याच हयात असलेल्या, अंपोन्सांच्या मावशी, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सेरवा, पुढेच बसल्या होत्या. मी वाचू लागलो.

"मास्तर, सुरुवात कुठे गिळलीस?" त्यांनी मला थांबवले.

"ते पान कोरं आहे, मोठ्या आई."

"मग भर की! दुसऱ्याचं सांगू नये, हे मलाही कळतं. मी माझं सांगतेय. लिही. माझ्या आईचं नाव असिबी. सालागाच्या गुलामांच्या बाजारातून तिला इथवर चालवत आणलं."

कुळप्रमुख याव बोआतेन अस्वस्थ झाले. "बाई, उद्या लोक या पोरांना परकं म्हणतील."

"म्हणू देत! या घराचं छप्पर त्या परकीच्याच नातवानं घातलंय. ज्याला चालत नाही, त्यानं पावसात बसावं."

अंगणभर हशा उसळला. बोआतेनही हसले, मग उठून त्यांनी पूर्वजांना मद्य अर्पण करण्याचा पेला हाती घेतला. एकेक नाव उच्चारून ते जमिनीवर धार सोडत गेले. शेवटी मोठ्याने म्हणाले, "असिबी, ये. हे तुझं."

या अंगणात पूर्वजांमध्ये ते नाव प्रथमच पुकारले गेले होते. अंपोन्सा लहान मुलासारखे रडत होते.

"रडतोस काय?" सेरवा म्हणाल्या. "मास्तर, आता वाच. पहिल्या पानापासून."