वारुळावरची अळंबी

परवा लेकीनं बाजारातून आणलेलं अळंबीचं पाकीट फोडलं आणि त्या ओलसर मातीच्या वासानं मला पंचवीस वर्षांमागच्या यवतला, सासरच्या मळ्यात नेलं.

लग्नाला दोनच महिने झाले होते. घरामागचं वारूळ पाडून तिथं न्हाणी बांधायची ठरली होती आणि त्या सकाळी गवंडी येणार होता. माझे सासरे, आबा, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले. मेंढरं विकल्यापासून ते कुणाशी फारसं बोलत नसत. मी चुलीपाशी होते, तेवढ्यात त्यांची हाक आली, "पोरी, हिकडं ये. चपला काढून ये."

मी गेले आणि जागीच थबकले. काल तिथं नुसती माती होती, आज सगळं वारूळ पांढरंशुभ्र झालं होतं. शेकडो अळंब्या! काही मिटलेल्या, काही तळहाताएवढ्या उमललेल्या, तर काहींच्या डोक्यावर अजून मातीची ढेकळं.

"आबा, कुणी लावल्या ह्या?" मी खुळ्यासारखं विचारलं.

"वाळवीनं. आत तिची शेती हाय. आपली वर, तिची खाली."

गवंडी कुदळ घेऊन आला, तर आबा वारुळासमोर मांडी घालून बसलेले. "दुसरीकडं खांदा," एवढंच म्हणाले. यांनी एकदा वारुळाकडं पाहिलं, एकदा वडिलांकडं, आणि न्हाणी पलीकडं सरकली.

तेव्हा मला अळंब्यांचंच नवल वाटलं होतं. घरात एवढी माणसं असताना आबांनी पहिली हाक मला मारली, याचं नवल आता वाटतं.